कॅमेऱ्यांच्या तक्त्यात गळणारी तळटीप

प्रति,
संपादक

महोदय,

तुळशीचे लग्न लागले की फोटोवाल्यांचा हंगाम सुरू होतो आणि त्याआधी महिनाभर कॅमेऱ्यांची खरेदी चालते. याच सुमारास पुरवण्यांतून दोन कॅमेऱ्यांच्या तुलनेचे तक्ते छापून येतात. एका रकान्यात ३३ मेगापिक्सल, शेजारी २४. इकडे सेकंदाला १० फ्रेम, तिकडे ४०. शेवटी दोघांनाही साडेचार तारे. आकडे बहुतेक वेळा बरोबर असतात. पण प्रत्येक आकड्यामागे एक अट असते, ती कंपनीच्या माहितीपत्रकात तळाशी बारीक अक्षरांत दिलेली असते, आणि तक्ता करताना नेमकी तीच गळते. तारे नसले तरी चालेल, त्या जागी ‘कोणत्या अटीवर’ असा एक रकाना टाकावा, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र.

उदाहरणाला सोनी ए-सेव्हन-फोर आणि कॅनन आर-सिक्स मार्क टू ही जोडी घेऊ. पहिला ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०२२ मध्ये. २०२५च्या अखेरीस दोघांच्याही पुढच्या आवृत्त्या आल्या. नवे आले की जुन्याचा भाव उतरतो, वापरलेल्या बॉड्या बाजारात येतात, आणि पहिला फुल-फ्रेम (म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाचा मोठा सेन्सर असलेला कॅमेरा) घेणारा माणूस अशाच जोडीपुढे येऊन अडतो.

आधी ते १० आणि ४०. सोनीचा १०चा वेग मिळतो तो रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद, जेपीईजी होण्याआधीची) ‘कॉम्प्रेस्ड’ ठेवली तरच, म्हणजे ज्या प्रकारात थोडी माहिती कायमची टाकून दिली जाते त्यात. ‘लॉसलेस’ किंवा ‘अनकॉम्प्रेस्ड’ रॉ निवडली की वेग सहाच्या आसपास येतो. मेनूत एक ओळ बदलली म्हणून कॅमेरा मंदावला, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही आणि दोष कार्डाला दिला जातो. कॅननचे ४० हे इलेक्ट्रॉनिक शटरचे, म्हणजे पडदा न हलवता सेन्सर नुसता वाचून घेण्याचे. यांत्रिक शटरवर तोही १२च देतो. शिवाय ४०च्या वेगाने रॉ काढू लागलात तर दोनेक सेकंदांत बफर (कार्डावर लिहिण्याआधीची तात्पुरती साठवण) भरतो आणि कॅमेरा अडखळत चालतो. अक्षता पडताना बोट दाबून धरले, तर नवरा-नवरीने मान वर केली त्या क्षणी कॅमेरा फाइली लिहीत बसलेला असेल. या वेगात रॉ फाइल १४ऐवजी १२ बिटची होते, हेही जाता जाता लक्षात असू द्यावे. बिट कमी म्हणजे छटा कमी; सावल्या नंतर फार उचलायच्या, म्हणजे उजळायच्या, असतील तरच तो फरक दिसतो.

इलेक्ट्रॉनिक शटरचा खरा कस दुकानातच लावता येतो, आणि त्याला लागतो फक्त छताचा पंखा. पंखा पूर्ण वेगात फिरू द्या. कॅमेरा वर धरून पाती फ्रेमभर येतील असे पाहा. शटर १/२०००, आयएसओ लागेल तेवढा वाढवा. एक फोटो यांत्रिक शटरवर, दुसरा इलेक्ट्रॉनिकवर. यांत्रिक शटरवर दोन्ही कॅमेऱ्यांत पाती जवळजवळ सरळ येतात. इलेक्ट्रॉनिकवर सोनीच्या फोटोत एका बाजूची पाती जाडजूड, तर दुसऱ्या बाजूची बारीक होऊन कोयत्यासारखी वाकलेली दिसतात. कारण साधे आहे. सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचून काढायला सोनीला साधारण १/१५ सेकंद लागतो, कॅननला सुमारे १/६०. घरगुती पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे धरला, तर सोनीचे वाचन संपेपर्यंत पाते सुमारे १४० अंश फिरून गेलेले असते, कॅननमध्ये ३५. शटर १/२०००चे असले तरी तो वेग एकेका ओळीचा असतो, सगळ्या फ्रेमचा नव्हे.

हेच पंख्याचे पाते म्हणजे ढोल-ताशा पथकातले टिपरू, क्रिकेटची बॅट, लेझीम. मिरवणुकीत सोनी ‘सायलेंट’वर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर, ठेवून काढलेल्या फोटोत टिपरू केळ्यासारखे वाकलेले असते आणि दोष लेन्सवर जातो. याउलट शास्त्रीय मैफलीत किंवा नाट्यप्रयोगात आवाज चालत नाही, तिथे सायलेंटशिवाय गत्यंतर नाही. हालचाल कमी असेल तर सोनीही निभावतो, पण मागे एलईडीची भिंत असेल तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. वाचन जितके संथ तितके पट्टे जास्त. म्हणून ज्याचे बरेचसे काम रंगमंचावरचे आहे, त्याने मेगापिक्सलच्या आधी हा फरक तोलावा. ज्याला यांत्रिक शटरचा आवाज चालतो, त्याने त्याची फिकीर करू नये.

मेगापिक्सलचा हिशेब अल्बमच्या मापाने करावा. सोनीची फाइल ७००८ गुणिले ४६७२ पिक्सलची, कॅननची ६००० गुणिले ४०००ची. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमचे चालते माप १२ बाय ३६ इंच, म्हणजे उघडलेली जोडपाने. एकच फोटो पूर्ण ३६ इंचांवर पसरला तर कॅननला इंचाला १६७ पिक्सल पडतात, सोनीला १९५. अल्बम हातात धरून पाहणाऱ्याला हा फरक सांगता येईल असे वाटत नाही. लॅबवाला ३०० मागतो हे खरे, पण त्या हिशेबाने दोन्ही कॅमेरे कमीच पडतात आणि तरी अल्बम छान येतात. जास्तीचे पिक्सल खऱ्या अर्थाने कामी येतात ते कापण्यासाठी. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित दूर उभा असतो आणि लेन्स अपुरी पडते. अशा वेळी एपीएस-सी क्रॉपवर, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला तर, सोनीत १४ मेगापिक्सल उरतात, कॅननमध्ये साडेनऊच्या आत. पक्षीवाल्यांनी एवढा एक आकडा लक्षात ठेवावा.

बॅटरीचा रकाना तर हमखास फसवतो. कॅननला एका चार्जवर ७६० फोटो आणि सोनीला ५८० असे छापले जाते. हे दोन्ही आकडे मागच्या स्क्रीनवर पाहून काढलेल्या फोटोंचे. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की कॅनन ४५०वर येतो आणि सोनी ५२०वर, म्हणजे क्रमच उलटतो. प्रत्यक्षात सलग काढताना दोन्ही याच्या कितीतरी पुढे जातात, पण तुलना करायची तर एकाच रीतीने मोजलेली हवी. चार्जिंगचे एक गौडबंगाल आहे. सोनी साध्या मोबाइल चार्जरवर किंवा जुन्या पॉवरबँकेवर सावकाश का होईना, चार्ज होतो. कॅननला पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरीवालाच चार्जर लागतो. साध्याला जोडला तर बॅटरी भरतच नाही, आणि हे कळते ते सकाळी, वरात निघताना.

व्हिडिओत फरक सेकंदाला ५० फ्रेमला, म्हणजे स्लो-मोशनसाठी घेतात त्या वेगाला, पडतो. २५ फ्रेमच्या फोर-केमध्ये दोन्ही कॅमेरे सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतात. ५० फ्रेम केले की सोनी कडा कापून मधला दीडपट क्रॉप घेतो, कॅनन पूर्ण रुंदीच ठेवतो. म्हणजे सोनीवर २८-७५ लेन्स लावली असेल तर २८ची ४२ होते. गावाकडच्या घरात हळदीचा कार्यक्रम असतो, खोली दहा बाय बाराची, पाठ भिंतीला टेकलेली; अशा वेळी ४२ मिलिमीटरमध्ये नवरी मावते पण करवल्या कापल्या जातात. स्लो-मोशन मुख्यतः बाहेर मोकळ्यावर लागत असेल तर हा प्रश्नच नाही. आत लागत असेल तर सोनीबरोबर १६पासून सुरू होणाऱ्या लेन्सचाही खर्च धरावा. दोन्ही कॅमेऱ्यांत मेनूतून ‘पाल’ (PAL) ही २५-५० फ्रेमची पद्धत निवडावी; दुसरी ‘एनटीएससी’ (NTSC) ३०-६० फ्रेमची. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. कॅमेरा ६० फ्रेमच्या एनटीएससीवर आणि शटर १/६०वर राहिले तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. पालमध्ये ५० फ्रेमला १/१०० आणि २५ला १/५० ठेवले की साध्या दिव्यांखाली ते जातात.

लग्नमंडपात मोठ्या पडद्यावर थेट चित्र द्यायचे असेल तर बाजूचे झाकण उघडून आतला एचडीएमआय पाहा. सोनीत पूर्ण मापाचा आहे, कॅननमध्ये मायक्रो. वायरीत कुणाचा पाय अडकला की मायक्रोचे तोंड सैल होते, आणि ते बदलणे म्हणजे बॉडी उघडणे. कॅनन घेणाऱ्याने वायर कॅमेऱ्याभोवती बसवतात त्या धातूच्या पिंजऱ्याला (केजला) किंवा ट्रायपॉडला आवळून बांधायची सवय ठेवावी. उष्णतेचेही असेच. दोघांच्याही माहितीपत्रकात काम करण्याचे तापमान ० ते ४० अंश दिलेले आहे. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा त्यापुढे जातो. मागचा स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवणे, दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये कॅमेरा बंद करणे आणि वर छत्री धरणे, एवढेच हातात असते. सोनीत तापमानावरून आपोआप बंद होण्याची मर्यादा मेनूतून ‘हाय’ करता येते, ती करून ठेवावी.

हाताच्या कंपावर उतारा म्हणून कॅनन ८ स्टॉप सांगतो आणि सोनी साडेपाच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी. कॅननचा ८ विशिष्ट लेन्ससोबतचा आहे. शिवाय स्थिरीकरण आपला हात सावरते, नाचणाऱ्या वऱ्हाड्याला थांबवत नाही. त्याला १/२५०च लागतो.

आता प्रत्यक्ष तुलना कशी करावी. दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी भाड्याने आणावेत, कार्ड मात्र आपलेच घालावे. आधी दोन्हीचे सेटिंग पूर्ण रिसेट करावे; भाड्याच्या कॅमेऱ्यात आधीच्या माणसाने काय करून ठेवले असेल याचा नेम नसतो. कॅननमधले ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर आणि सोनीतले डी-रेंज ऑप्टिमायझर बंद करावे, कारण दोन्ही सावल्या परस्पर उजळतात आणि मग कॅमेऱ्याची नव्हे, त्या दुरुस्तीची तुलना होते. दोघांनाही ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स लावावी. दोन्ही कंपन्यांकडे आहे आणि स्वस्त आहे. ट्रायपॉड, एफ ५.६, शटर दोन्हीत सारखे, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर न ठेवता केल्व्हिनच्या आकड्यात पक्का. आयएसओ १००, १६००, ६४०० आणि १२८०० असे चार-चार फोटो, रॉमध्ये. समोर जरीची पैठणी, काळा कोट आणि हळदी-कुंकवाचा करंडा ठेवावा. जरीत मॉयरेचे इंद्रधनुषी तरंग उठतात का ते दिसते, काळ्या कोटात आयएसओचा दाणा दिसतो, आणि कुंकवाचा लाल रंग सपाट होऊन त्यातला पोत जातो का तेही कळते. मग एक फोटो मुद्दाम तीन स्टॉप अंधारा काढून सॉफ्टवेअरमध्ये उचलून पाहावा.

दोन्ही फाइली एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्यात आणि सोनीची फाइल ६००० पिक्सल रुंदीला आणून मग शेजारी ठेवाव्यात. १०० टक्क्यांवर पाहिले तर ३३ मेगापिक्सलचा फोटो जास्त दाणेदार वाटतो, कारण तो जास्त मोठा करून पाहिलेला असतो. कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या स्क्रीनवरून तर निकाल लावूच नये. कॅननचा स्क्रीन १६ लाख २० हजार डॉटचा आहे, सोनीचा १० लाख ४० हजारांच्या आसपास; कॅननवर तोच फोटो उगाच धारदार दिसतो. ‘कॅननची स्किन चांगली, सोनीची हिरवट’ हा वाद बहुतांशी ऑटो व्हाइट बॅलन्सचा आहे. हळदीच्या पिवळ्याधमक मांडवात दोन्ही कॅमेरे पिवळा कमी करायला जातात आणि चेहरे निळसर करतात. केल्व्हिन पक्का केला की वाद निम्मा मिटतो. उरलेला निम्मा चहाच्या टपरीवर चालू द्यावा.

फोकस तपासताना सेल्समनचा हसरा चेहरा निरुपयोगी. तो दोन्ही कॅमेरे क्षणात पकडतात. मुंडावळ्या बांधलेला माणूस समोर बसवावा, किंवा कपाळावरून चार मण्यांचे सर सोडावेत आणि त्याला मान हलवायला सांगावे. एफ १.८वर वीस फोटो काढून किती फोटोंत डोळा धारदार आहे आणि किती फोटोंत पुढचा मणी, ते मोजावे. कॅननमध्ये विषय आपोआप ओळखण्याची सोय आहे. माणूस, प्राणी, वाहन तो स्वतः ठरवतो. सोनीत माणूस, प्राणी की पक्षी हे आपण सांगावे लागते. नवरा घोड्यावर असताना कॅमेरा घोड्याला पकडून बसतो का, हेही मिरवणुकीआधी पाहिलेले बरे.

एवढे सगळे करूनही निर्णय पुष्कळदा लेन्सच करते. सोनीच्या ई-माउंटसाठी (माउंट म्हणजे लेन्स बसवायची खोबण) टॅमरॉन आणि सिग्मा ऑटोफोकसच्या फुल-फ्रेम लेन्स वर्षानुवर्षे बनवत आहेत. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ जी-टू ५४० ग्रॅमची, फिल्टर ६७ मिलिमीटरचा. कॅननने आरएफ माउंट बराच काळ बंद ठेवला. २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला वाट मिळाली ती एपीएस-सी लेन्सपुरती. कॅननची स्वतःची २४-७० एफ २.८ एल उत्तम आहे, पण वजन ९०० ग्रॅम आणि किंमत टॅमरॉनच्या दुपटीहून अधिक. २०२४ मध्ये कॅननने आरएफ २८-७० एफ २.८ एसटीएम आणली, ४९५ ग्रॅमची. ती आल्यापासून ही अडचण थोडी सैल झाली आहे. उलट ज्याच्या कपाटात फाइव्ह-डी किंवा सिक्स-डी या कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या काळातली ७०-२०० लेन्स आहे, त्याच्यासाठी पारडे लगेच कॅननकडे झुकते. कॅननच्या अडॅप्टरमध्ये काच नसते. तो म्हणजे फक्त मधली नळी आणि विजेची जोडणी, त्यामुळे त्या काळातली ईएफ माउंटची लेन्स घरच्यासारखी चालते. तीच लेन्स अडॅप्टर लावून सोनीवर चालते खरी, पण सलग फोकस आणि व्हिडिओत ढिली पडते. फ्लॅशचा ट्रिगरही ब्रँडनिहाय वेगळा असतो. कंपनी बदलली की तोही बदलावा लागतो, आणि हा खर्च कोणी धरत नाही.

कार्डाबद्दल थोडक्यात. कॅननला दोन्ही खाचांत एसडी. सोनीच्या पहिल्या खाचेत एसडी किंवा सीएफएक्स्प्रेस टाइप ए, दुसरीत फक्त एसडी. टाइप बी कार्ड आकारानेच मोठे असते, ते यात बसत नाही. ऑनलाइन स्वस्त दिसले म्हणून मागवू नये. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायचे ठेवले की वेग सावकाश कार्डाचा मिळतो, म्हणून एक महागडे आणि एक जुने यूएचएस-वन अशी जोडी म्हणजे पैशांची माती. सोनीची अनकॉम्प्रेस्ड रॉ सुमारे ७० एमबी, कॉम्प्रेस्ड त्याच्या निम्मी. ४००० फोटोंच्या लग्नाला कॉम्प्रेस्डमध्येही १४० जीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या तर दुप्पट. हार्डडिस्कचे पैसे कॅमेऱ्याच्याच बजेटमध्ये धरावेत. कित्येक स्टुडिओंत अजून एकदाच विकत घेतलेली लाइटरूम सिक्स चालते. तिचे अद्ययावतीकरण २०१७ मध्ये थांबले आणि या दोन्ही कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली ती उघडत नाही. ॲडोबीच्या फुकट डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइली आधी बदलून घ्याव्यात, म्हणजे जुने सॉफ्टवेअर चालत राहते. वेळ आणि जागा मात्र जास्त जाते.

खरेदीच्या वेळी पक्के बिल, त्यावर बॉडीचा सिरियल नंबर, आणि तो डबा, वॉरंटी कार्ड व बॉडीचे तळ या तिन्ही ठिकाणी जुळवून पाहावा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या स्टुडिओने बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर घातला तर त्याचे क्रेडिट मिळते. ‘बिल नको, वीस हजार कमी करतो’ या सौद्यात ते क्रेडिट जाते, वॉरंटीही जाते, आणि हिशेब केला तर बहुतेक वेळा फायदा उरत नाही. जपानहून कोणी नातलग आणणार असेल तर सावध. तिथल्या बाजारासाठीच्या सोनी बॉडीत मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलण्याची अधिकृत सोय नाही.

वापरलेली बॉडी घेणाऱ्याने शटर काउंट (शटर आजवर किती वेळा पडले तो आकडा) विचारण्याआधी सेन्सर पाहावा. मिररलेस कॅमेऱ्यात लेन्समागे सेन्सर सतत उघडा असतो, आणि डीजेच्या गाड्यांवरचे लेझर थेट त्यावर पडले तर तिथले पिक्सल कायमचे जळतात. हे सोनीतही होते आणि कॅननमध्येही. लेन्सला झाकण लावून आयएसओ १६०० आणि १/६० वर एक फोटो काढावा, दुसरा एफ १६वर पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम घालवून. दोन्ही लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून कडेपासून कडेपर्यंत सरकवत पाहावेत. भिंतीच्या फोटोतले धुरकट ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. पण दोन्ही फोटोंत त्याच जागी एखादी सरळ रंगीत रेघ किंवा ठिपक्यांचा पुंजका दिसला, तर तो लेझरचा डाग आहे. त्यावर सेन्सर बदलणे एवढाच उपाय, आणि त्याचा खर्च ऐकल्यावर वापरलेला कॅमेरा स्वस्त राहत नाही. अशी बॉडी तिथेच टेबलावर परत ठेवावी.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक